गोंगाटातून धातू ओळखताना

2 जुलै 1881 रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या गेल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीतून आत शिरली आणि शरीरात कुठे थांबली ते कुणालाच कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून 14 वर्षं होती. डॉक्टर जखमेत बोटं आणि सळया घालून गोळी चाचपत होते आणि जखम चिघळत चालली होती. अशा वेळी टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला आला. डेव्हिड ह्यूज या शास्त्रज्ञाच्या 'इंडक्शन बॅलन्स' या उपकरणावरून त्याने एक यंत्र तयार केलं. तारेची वेटोळी शरीरावरून फिरवायची आणि टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून बसायचं. खाली धातू असेल तर रिसीव्हरमध्ये आवाज येणार. यादवी युद्धात लढलेल्या आणि अंगात जुनी गोळी राहिलेल्या सैनिकांवर बेलने यंत्र तपासून पाहिलं. ते चाललं.

राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत मात्र ते चाललं नाही. जुलैअखेरच्या पहिल्या प्रयत्नात जोडणीतल्या चुकीमुळे नुसती खरखर आली. 1 ऑगस्टच्या दुसऱ्या प्रयत्नात आवाज आला, पण एका जागी न येता बऱ्याच मोठ्या भागावर पसरून आला. गारफिल्ड झोपले होते त्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती, हे बेलला नंतर समजलं. शिवाय मुख्य डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, त्यामुळे शोध त्याच बाजूला झाला. 19 सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला सापडली.

धातुशोधनाच्या इतिहासातला हा पहिला प्रसिद्ध प्रयत्न आणि त्यातच या विद्येची मुख्य अडचण उघड झाली. दुसऱ्या प्रयत्नात बेलच्या यंत्राने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. धातू आहे म्हणालं, आणि धातू होताच. हवा तो धातू आणि नको तो धातू यांतला फरक कसा करायचा, हा प्रश्न मात्र यंत्राने माणसावर सोडला होता. आज 140हून अधिक वर्षांनीही डिटेक्टर हातात घेणाऱ्या प्रत्येकाला तो सोडवावा लागतो. विजेच्या तारा, खनिजांनी भरलेली माती आणि जमिनीत मुरलेलं भंगार हे गोंगाटाचे तीन उगम आहेत. यंत्राची ताकद वाढवून यांपैकी एकावरही मात करता येत नाही. आधी उगम ओळखावा लागतो. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

कॉइलला काय ऐकू येतं

बहुतेक डिटेक्टरच्या खालच्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, तारेची दोन वेटोळी असतात. एकातून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह सोडला जातो. त्याची वारंवारता साधारण 3 ते 100 किलोहर्ट्झच्या दरम्यान असते. त्यामुळे जमिनीत सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वाटेत धातू आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उमटतात आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं एक क्षीण क्षेत्र तयार होतं. दुसरं वेटोळं ते टिपतं. दोन वेटोळी एकमेकांवर अशा बेताने बसवलेली असतात की पहिल्याचा थेट आवाज दुसऱ्याला जवळजवळ ऐकू येऊ नये. ह्यूज आणि बेल यांचा 'बॅलन्स' तो हाच.

परत आलेला आवाज किती मोठा आहे एवढंच यंत्र पाहत नाही. तो किती उशिरा आला, हेही पाहतं. चांदीच्या जाड नाण्यात प्रवाह एकदा सुरू झाला की रेंगाळतो. पातळ चांदीच्या वर्खात तो लगेच विरतो. लोखंड चुंबकीय असल्यामुळे त्याचं वागणं आणखी निराळं. या उशिरावरून यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं आणि वेगवेगळे सूर काढतं. पण हा उशीर धातूच्या जातीइतकाच वस्तूच्या आकारावर आणि जाडीवरही ठरतो. सोन्याची नाजूक अंगठी आणि ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा यांचा आकडा म्हणूनच एक येऊ शकतो. ही मर्यादा मुळातच भौतिकशास्त्राची आहे. महागातलं महाग यंत्र घेतल्याने ती जात नाही.

हवेतून येणारा गोंगाट

तारेचं वेटोळं म्हणजे एक अँटेना. आपण पाठवलेल्या आवाजाचं उत्तर ऐकायला ते जमिनीवर धरलेलं असतं, पण आजूबाजूचं बाकी सगळंही त्यात शिरतं. भारतात आणि ब्रिटनमध्ये घरगुती वीज 50 हर्ट्झची आहे, अमेरिकेत 60. डिटेक्टरच्या पट्ट्यापेक्षा ही वारंवारता फार खाली आहे, तरी तिच्या पटीतले क्षीण सूर वरपर्यंत पोहोचतात. त्याहून जास्त त्रास देतात ते एलईडी दिव्यांमधले आणि चार्जरमधले छोटे इलेक्ट्रॉनिक भाग. ते वीज अत्यंत वेगाने चालूबंद करतात आणि डिटेक्टरच्याच पट्ट्यात खरखर सोडतात.

या पट्ट्यात आणखीही लोक काम करतात. अतिनिम्न वारंवारतेच्या रेडिओ लहरी समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरतात, म्हणून पाणबुड्यांना संदेश पाठवायला नौदलं त्याच वापरतात. उत्तर इंग्लंडमधलं अँथॉर्नचं केंद्र 19.6 किलोहर्ट्झवर बोलतं. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे भारतीय नौदलाचं केंद्र आहे, ते 18.2 किलोहर्ट्झवर. आकाशातली वीजही याच भागात जोरदार असते. दूरच्या ढगात कडाडलेल्या विजेच्या रेडिओ लहरी पृथ्वी आणि आयनोस्फिअर यांच्यामधून हजारो किलोमीटर प्रवास करतात. निरभ्र आकाशाखालच्या शेतातही म्हणून डिटेक्टर अधूनमधून तडतडतो.

हा गोंगाट ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. कॉइल हवेत धरा आणि अजिबात हलवू नका. आजचे बहुतेक डिटेक्टर कॉइल हलत असतानाच धातूला प्रतिसाद देतात. स्थिर कॉइल बडबडत असेल तर ती जमिनीबद्दल काहीच सांगत नाहीये. आवाज हवेतून येतोय. मग त्याची लय ऐका. सलग गुरगुर किंवा किलबिल असेल तर तारा, दिवे, चार्जर यांच्याकडे पाहावं. साधारण सेकंदाला एक असा नियमित ठोका येत असेल तर जवळपास जनावरांसाठी घातलेलं विजेचं कुंपण असणार. अनियमित तडतड असेल तर ढग. वर चढत आणि खाली उतरत जाणारा सूर असेल तर शेजारी कुणीतरी तुमच्याच वारंवारतेचं यंत्र घेऊन फिरतंय. आणि मधूनच येणाऱ्या झटक्यांचं कारण अनेकदा आपल्याच खिशातला फोन असतो.

उपाय स्वस्तातल्यापासून सुरू करावेत. फोन फ्लाइट मोडवर टाकावा. कॉइलची केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेली आहे ना आणि तिची पिन ढिली नाही ना, हे पाहावं. सोबत्यांनी अंतर वाढवावं. यंत्रात 'नॉइज कॅन्सल' असेल तर कॉइल स्थिर ठेवून ते चालवावं. त्यात यंत्र आपली वारंवारता किंचित सरकवून सगळ्यात शांत जागा निवडतं. अनेक वारंवारता एकाच वेळी वापरणारं यंत्र एकाच वारंवारतेवर आणलं की ते बऱ्याचदा निवळतं, कारण मग ऐकण्याची खिडकीच अरुंद होते. लहान कॉइल लावली तर अँटेनाच लहान होते. आणि कॉइल उभी धरून सावकाश फिरवली तर आवाज कमीजास्त होतो, त्यावरून गोंगाट कुठल्या दिशेने येतोय याचा अंदाज बांधता येतो.

संवेदनशीलता कमी करण्याचा हिशेब

एवढं करूनही यंत्र बडबडत राहिलं तर संवेदनशीलता, म्हणजे सेन्सिटिव्हिटी, कमी करावी. नवशिक्यांना ही गोष्ट जिवावर येते. बटण खाली आणलं की खोली गेली, असं त्यांना वाटतं. इथे एक हिशेब समजून घ्यायला हवा.

कॉइलचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत जातं. धातूकडून परत येणारं क्षेत्रही तसंच घनाच्या प्रमाणात क्षीण होतं. दोन्ही मिळून परतीचा आवाज अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. वस्तू दुप्पट खोल गेली तर आवाज 64 पटींनी कमी होतो. कॉइलच्या अगदी जवळ हा नियम थोडा सौम्य असतो, पण चित्र तेच राहतं. आता हिशेब उलटा करा. यंत्राची संवेदनशीलता निम्मी केली तर खोलीही निम्मी होईल का? मुळीच नाही. 20 सेंटिमीटरवर कळणारं नाणं आता दोनतीन सेंटिमीटर वर असावं लागेल, एवढाच फरक पडतो. बदल्यात गोंगाट निम्मा होतो आणि जे क्षीण सूर आधी त्यात बुडून जात होते ते कानाला वेगळे कळू लागतात.

अनुभवी माणूस तारांखालून जाताना निःशंकपणे संवेदनशीलता खाली आणतो, ते यामुळेच. बडबडणाऱ्या यंत्राने मिळवलेले शेवटचे दोन सेंटिमीटर कागदावरच राहतात. त्या खोलीवरचा सूर खरा की खोटा हे कानाला ठरवता येत नसेल, तर तो ऐकू आला काय आणि न आला काय, सारखंच.

मातीचा स्वतःचा आवाज

दुसऱ्या परीक्षेत कॉइल जमिनीजवळून वर उचला आणि परत खाली न्या, असं काही वेळा करा. खाली जाताना आवाज वाढत असेल आणि वर येताना कमी होत असेल, तर खाली वस्तू नसून माती बोलतेय. मातीतले लोहखनिजांचे कण, विशेषतः मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट, चुंबकीय क्षेत्राला उत्तर देतात. अनेकदा ते उत्तर लहान नाण्याच्या आवाजाच्या कितीतरी पट मोठं असतं. दख्खनच्या बेसॉल्टवरची काळी माती आणि कोकणातला जांभा या दोन्हींत लोहखनिजं भरपूर आहेत. डिटेक्टरच्या दृष्टीने महाराष्ट्राचा मोठा भाग अवघड जमीन आहे.

यावरचा उपाय म्हणजे 'ग्राउंड बॅलन्स'. धातू नसलेली जागा शोधून कॉइल वरखाली करत राहायचं आणि त्या मातीचा उशीर यंत्राला शिकवायचा. तेवढाच उशीर मग यंत्र वजा करतं. माती शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना बदलत असेल तर हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. खारट ओल्या वाळूची गोष्ट वेगळी. ती चुंबकीय नसते, पण वीजवाहक असते आणि तिचा उशीर पातळ सोन्याच्या जवळपास येतो. एकाच वारंवारतेवर माती आणि मीठ दोन्ही वजा करणं फार कठीण जातं. एकाहून अधिक वारंवारता एकत्र वापरणारी यंत्रं 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली ती मुख्यतः या अडचणीपायी.

मातीचा आवाज नेहमीच निरुपयोगी नसतो. माती तापली की तिच्यातली साधी लोहखनिजं अधिक चुंबकीय रूपात बदलतात. म्हणून जुनी चूल, भट्टी किंवा भाजलेल्या विटांचा ढीग डिटेक्टरला आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळा लागतो. एखाद्या ठरावीक पट्ट्यात ग्राउंड बॅलन्स अचानक बिघडत असेल तर तिथे कधीकाळी आग होती का, हा प्रश्न विचारायला हवा.

भंगाराची जमीन

स्थिर कॉइल गप्प आहे, वरखाली केली तरी गप्प आहे, आणि आडवी फिरवली की प्रत्येक झोक्यात दहा आवाज येतात. आता खाली खरंच धातू आहे, आणि बहुतेक वेळा तो खिळे, बाटलीची झाकणं, वर्ख आणि डब्यांचे तुकडे असाच असतो. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला पेयांच्या डब्यांवर एर्मल फ्रेझ याने शोधलेली ओढायची कडी आली. ती ओढून काढायची आणि टाकून द्यायची असे. ही पद्धत मागे पडेपर्यंत पाश्चात्त्य देशांतल्या बागा आणि किनारे या कड्यांनी भरून गेले, आणि त्यांचा आकडा सोन्याच्या अंगठ्यांच्या पट्ट्यात येतो. ब्रिटनमधल्या शोधकांपुढे आणखी एक संकट आहे. शहरातल्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट शेतात पसरलं जातं, आणि ते नीट गाळलेलं नसेल तर ॲल्युमिनियमचे हजारो बारीक तुकडे जमिनीत कायमचे मिसळतात.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे धातू वेगळे काढण्याची यंत्रातली सोय, वाढवून नको ते सूर बंद करावेत, हा मोह इथे होतो. त्याचे दोन तोटे आहेत. पहिला तोटा आकडा सारखा असण्याचा. वर्खाचा पट्टा बंद केला की त्याच पट्ट्यातलं पातळ सोनंही बंद होतं. जुलै 2009 मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या हॅमरविच गावच्या शेतात टेरी हर्बर्ट याला अँग्लो-सॅक्सन काळातला सोन्याचा मोठा साठा सापडला. त्यात जवळपास 4 किलो सोनं होतं, पण ते बहुतांश तलवारींवरून उपटलेल्या, वाकलेल्या, फाटलेल्या पत्र्यांच्या रूपात. 2012 मध्ये त्याच शेतात नांगरट झाल्यावर आणखी तुकडे मिळाले. कडक डिस्क्रिमिनेशन ठेवणाऱ्याच्या हातून असे तुकडे निसटायला वेळ लागत नाही.

दुसरा तोटा झाकोळण्याचा. खिळ्याशेजारी नाणं असेल तर दोघांचे आवाज कॉइलमध्ये एकत्र होतात आणि खिळ्याचा आवाज जिंकतो. ढोल-ताशाच्या पथकाशेजारी कुणी बासरी वाजवावी, तसं नाण्याचं होतं. लोखंडाचा आवाज बंद केला तर त्या जागी शांतता येते, पण यंत्राला खिळा ऐकू येतच असतो. तो ऐकल्यावर सावरायला त्याला क्षणभर लागतो आणि त्या क्षणात कॉइल नाण्यावरून पुढे निघून जाते. सूर बंद करण्यापेक्षा लोखंडाला खर्जातला सूर देऊन ते ऐकत राहणं अधिक चांगलं.

भंगाराच्या जमिनीवर हळू चालण्याला पर्याय नाही. लहान कॉइल लावावी म्हणजे एका वेळी एकच वस्तू तिच्याखाली येते. यंत्राचा सावरण्याचा वेग, म्हणजे 'रिकव्हरी स्पीड', वाढवावा. झोका आखूड ठेवावा. आशादायक सूर आला की जागेवरच 90 अंश वळून पुन्हा ऐकावं. गोल नाणं सगळ्या बाजूंनी सारखंच वाजतं. आडवा पडलेला खिळा एका दिशेने गोड आणि दुसऱ्या दिशेने तुटक वाजतो. मग कॉइल थोडी वर उचलावी. उंचावरूनही आवाज तेवढाच खणखणीत येत असेल तर खाली बहुधा मोठा डबा किंवा पत्रा आहे. शेवटचा उपाय मेहनतीचा आहे आणि त्याची बरोबरी दुसरा कुठलाच करत नाही. दोरी लावून चौकोन आखावा, त्यातलं सगळं भंगार काढून सोबत न्यावं आणि मग तीच जागा पुन्हा ऐकावी. खिळे उचलल्यावर त्यांच्या आड दडलेले सूर पहिल्यांदा मोकळे होतात.

भंगार कशाला म्हणायचं

इतका वेळ आपण भंगार हा शब्द सहजपणे वापरला. तो वापरण्याचा अधिकार शोधाचा हेतू देतो. अमेरिकेत मोंटानामध्ये लिटल बिगहॉर्नची रणभूमी आहे. 1876 साली लेफ्टनंट कर्नल कस्टरची तुकडी लकोटा आणि शायेन योद्ध्यांनी तिथे नेस्तनाबूत केली. 1983 च्या वणव्यात तिथलं गवत जळालं आणि पुढच्या दोन वर्षांत डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांच्या डिटेक्टरने पूर्ण रणभूमी ओळीने तपासली. प्रत्येक आवाजावर झेंडी लावली, प्रत्येक वस्तूची जागा मोजली. सापडल्या त्या काडतुसांच्या पुंगळ्या, शिशाच्या गोळ्या आणि मोडके पट्टे. नाणी शोधणाऱ्याने यातलं बरंचसं कचऱ्यात टाकलं असतं. पण प्रत्येक बंदुकीची फायरिंग पिन पुंगळीवर आपली खूण सोडते. त्या खुणांवरून एकेक बंदूक रणभूमीवर कुठून कुठे सरकली ते काढता आलं. साक्षीदारांच्या परस्परविरोधी कथांमध्ये अडकलेल्या लढाईला त्यातून ठोस नकाशा मिळाला.

भूसुरुंग काढणाऱ्यांना तर भंगार म्हणून काही टाकताच येत नाही. योझेफ कोसात्स्की या पोलिश अभियंत्याने 1941 साली बनवलेला सुरुंगशोधक 1942 मध्ये अल अलामेनच्या वाळूत वापरला गेला, आणि तेव्हापासून नियम एकच आहे. प्रत्येक आवाज सुरुंग समजून उकरायचा. काही सुरुंगांत धातू इतका कमी असतो की त्यांचा आवाज बारीक तारेच्या तुकड्याहून मोठा नसतो. कंबोडियात यावर वेगळा मार्ग वापरला जातो. आफ्रिकेतल्या थैलीगाल उंदरांना स्फोटकांचा वास ओळखायला शिकवतात. मगावा नावाच्या अशा एका उंदराला 2020 मध्ये प्राण्यांच्या शौर्याचं ब्रिटिश सुवर्णपदक मिळालं. उंदराला खिळ्यांशी कर्तव्य नसतं. जिथे एका इंद्रियाला गोंगाट पेलवत नाही, तिथे दुसरं इंद्रिय वापरावं, हा त्यातला धडा.

आपल्याकडे डिटेक्टर घेऊन गुप्तधनाच्या मागे लागणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत लपलेला 10 रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. संरक्षित किल्ले, लेणी आणि मंदिरांच्या परिसरात परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. ही बंधनं योग्यच आहेत. नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं, हे खणताना नोंदलं नाही तर ते नंतर कोणत्याही यंत्राला सांगता येत नाही. ती नोंद गेली की गडाच्या इतिहासाचा तेवढा भाग गेला.

यंत्र विकत घेताना बहुतेक जण ते किती खोल पाहतं एवढंच विचारतात. सहाव्या घाताचा हिशेब माहीत असलेल्याने आधी हे विचारावं: वारंवारता बदलता येते का, ग्राउंड बॅलन्स हाताने करता येतं का, लोखंडाला वेगळा सूर देता येतो का, आणि लहान कॉइल मिळते का? या चार गोष्टी असतील तर स्थिर, वरखाली आणि आडवी अशा तीन परीक्षा घेऊन कुठल्याही जमिनीवर काम सुरू करता येतं. त्या नसतील तर जाहिरातीतली खोली पहिल्याच विजेच्या तारेखाली संपते.